शुगर निघाली, आता भाताचं काय करू?

उकडा_तांदूळ | १७ एप्रिल, रात्री ११:२४

मंडळी, बरीच वर्षं इथे नुसता वाचनमात्र आहे, लिहायला आज पहिल्यांदा बसलोय. वय ४३, राहायला भांडुप, नोकरी लोअर परळला, गाव कणकवलीजवळ. ऑफिसात दरवर्षी तपासणी होते आणि दरवर्षी मी रिपोर्टचं पाकीट न उघडता ड्रॉवरमध्ये टाकतो. यंदा एचआरमधल्या मुलीनेच फोन केला, "सर, तुमच्या तीन आकड्यांपुढे लाल खूण आहे." उपाशीपोटी १६८, जेवणानंतर २६१, एचबीए१सी ८.४.

खूप तहान लागायची, पण एप्रिलात मुंबईत कोणाला लागत नाही? रात्री दोनदा उठायचो, ते पाणी जास्त पितो म्हणून असं धरून चाललो होतो. चार किलो वजन आपोआप उतरलं, त्याचं तर ऑफिसात कौतुकच झालं.

डॉक्टरांनी चार मिनिटं दिली. साखर बंद, भात बंद, बटाटा बंद, आंबा बंद, चालायला लागा. मेटफॉर्मिन ५००, सकाळी आणि रात्री. शिवाय एक छापील कागद. डावीकडे 'टाळा', उजवीकडे 'खा'. 'खा'च्या खाली ओट्स, किन्वा, ब्रोकोली, साल्मन. आमच्या स्टेशनाबाहेरच्या मासळीवालीला गंमत म्हणून साल्मन विचारला, तिने रावस पुढे केला आणि भाव सांगितला. मी मुकाट बांगडे घेऊन घरी आलो.

माझा दिवस असा: सकाळी पोहे नाहीतर चहा-चपाती, ८:१२ ची गाडी, ऑफिसात पाच कटिंग, दुपारी डब्यात तीन चपात्या आणि भाजी, संध्याकाळी स्टेशनाबाहेर एक वडापाव (कधी दोन), रात्री दहाला भात. भात म्हणजे भातच. डोंगर करायचा, मध्ये खळगा करायचा, त्यात माशाचं सार ओतायचं.

बाबांना हेच होतं. शेवटची दोन वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. त्यांना दुधी आणि कोरडी चपाती वेगळी वाढायचो आणि ते खाली जाऊन गुपचूप जिलेबी खाऊन यायचे. आई तेव्हापासून 'शुगर' हा शब्द तोंडातून काढत नाही, नुसतं 'तां' म्हणते. माझं कळल्यावर दोन दिवस काही बोललीच नाही. तिसऱ्या दिवशी मी ताटात चपाती मागितली तर म्हणाली, "भात नाय खाल्लंस तर जेवलंस असा कसा म्हणाचा?"

काय खाऊ नये हे सगळेच सांगतात, वॉचमनसुद्धा. मला काय खाऊ ते सांगा. आमच्या घरात शिजतं त्यातलं.

चौथी_सीट | १७ एप्रिल, रात्री ११:५१

या, बसा, सरकून घेऊ. २०२३ साली आलेल्या आयसीएमआरच्या पाहणीत देशात १० कोटी १० लाख मधुमेही निघाले, आणि आणखी १३ कोटी ६० लाख उंबरठ्यावर. तेव्हा हा डबा काही रिकामा नाही.

एकच व्यवहाराची गोष्ट. मेटफॉर्मिनने पहिला आठवडा पोट बिघडू शकतं. मला घाटकोपरला मध्येच उतरावं लागलं होतं, तपशील विचारू नका. गोळी जेवणानंतरच घ्या. त्रास चालूच राहिला तर डॉक्टरांना सांगा, हळूहळू विरघळणारी एसआर गोळी मिळते, तिने मला बराच आराम पडला. आपणहून बंद मात्र करू नका.

निवृत्त_बाई | १८ एप्रिल, सकाळी ६:०५

मी ७४ वर्षांची. २००२ साली निदान झालं, म्हणजे या विषयातली तुझी वरच्या वर्गातली. अरे-तुरे करते, राग मानू नकोस.

कोकणातलं जेवण वाईट नाही, वाढायचा क्रम उलटा आहे. आपण भात हे जेवण धरतो आणि बाकीचं सगळं तोंडीलावणं. तू तोंडीलावण्याने पोट भर. बांगड्याचं तिखलं, कुळथाची पिठी, काळ्या वाटाण्याची उसळ, अळूचं फतफतं, तळलेला नाही तर तव्यावर भाजलेला मासा. त्यातलं अर्धं आधी खा, काकडी-कांदा खा, मग एक वाटी भात घे. भाजी आणि मासा आधी पोटात गेला की मागून येणाऱ्या भाताची साखर सावकाश चढते. तिसऱ्यांदा भात मागायचा नाही.

आणि वेगळं शिजवू देऊ नकोस. तुझ्या बाबांचं तेच झालं. घरात सगळ्यांच्या ताटात सुरमई आणि आपल्या ताटात दुधी, अशाने माणूस जिलेबीवाल्याकडे जातोच.

टेस्टट्यूब | १८ एप्रिल, सकाळी ९:४०

परळच्या एका लॅबमध्ये टेक्निशियन आहे. डॉक्टर नाही, पण रोज शंभरेक नळ्या हातातून जातात, त्या अनुभवावर लिहितो.

१. एचबीए१सी म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी. लाल पेशी साधारण १२० दिवस जगते, तेवढ्या दिवसांची साखर तिच्यावर चिकटलेली असते. ६.५ पासून मधुमेह, ५.७ ते ६.४ उंबरठा. चाचणीच्या आदल्या आठवड्यात उपास करून काही होत नाही. पीपीच्या (जेवणानंतरच्या चाचणीच्या) दिवशी लोक दोन इडल्या खाऊन येतात आणि १३० आले म्हणून खूश होतात. एचबीए१सीपुढे ही हुशारी चालत नाही. फक्त हिमोग्लोबिन फार कमी असेल तर हा आकडा फसवा येऊ शकतो, तेवढं डॉक्टरांच्या कानावर घाला.

२. दोन तास पहिल्या घासापासून मोजायचे, हात धुतल्यापासून नाही.

३. निदान झाल्या झाल्या एकदा डोळ्यांच्या पडद्याची तपासणी, लघवीतलं मायक्रोअल्ब्युमिन आणि रक्तातलं क्रिएटिनिन (दोन्ही किडनीसाठी), कोलेस्टेरॉल आणि बीपी करून घ्या. वडिलांची किडनी गेली म्हणताय, मग लघवीची अजिबात चुकवू नका, बिघाड सुरू होताना दुखत-खुपत काही नाही. डोळ्यात थेंब घालतात, तीन-चार तास धूसर दिसतं, त्या दिवशी बाइक घेऊन जाऊ नका.

४. ग्लुकोमीटर घ्या, पण त्याच्याकडे परीक्षेच्या निकालासारखं बघू नका. एका दिवशी एकच पदार्थ पकडायचा. जेवणाआधी एकदा, दोन तासांनी एकदा. कुठल्या पदार्थाने *तुमची* साखर किती चढते ते कुठल्याच छापील कागदावर नसतं. पट्ट्या महाग पडतात, म्हणून एक महिना नीट मोजून वहीत लिहा, नंतर अधूनमधून.

निसर्गमित्र_७ | १८ एप्रिल, दुपारी १:१५

गोळ्यांच्या नादाला लागू नका, आयुष्यभर सुटत नाहीत. कारलं, जांभळाची बी, कडुलिंब यांचा काढा ४० दिवस, शुगर मुळापासून जाते. आणि साखरेऐवजी गूळ, गूळ नैसर्गिक आहे. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पत्ता देतो.

चेंबूरकरीण | १८ एप्रिल, दुपारी १:३२

आला का काढा! मी वाटच बघत होते, तेरा तास लागले.

माझ्या सख्ख्या काकांनी काढ्यावर भरवसा ठेवून गोळ्या सोडल्या. आठ महिन्यांनी ४२० शुगर आणि पायाची जखम घेऊन ॲडमिट. गूळही उसाचाच. रंग वेगळा, रक्तात गेल्यावर साखरच. कारल्याची भाजी खुशाल खावी, छान लागते, पण ती भाजी म्हणून.

टेस्टट्यूब | १८ एप्रिल, दुपारी १:५८

+१. 'मुळापासून जाते' असं कोणी म्हणालं की हात जोडावेत. गोळ्या न घेता तीन महिने एचबीए१सी ६.५ च्या खाली राहिला तर त्याला रेमिशन म्हणतात. ते खरं आहे, वजन चांगलं उतरवणाऱ्या काहींना जमतं, आणि निदान नवं असताना जमण्याची शक्यता जास्त. पण तेव्हाही तपासणी सुटत नाही. पोटाचा घेर मोजलाय का? आपल्याकडे पुरुषाला ९० सेंटिमीटरच्या वर गेला की धोका धरतात. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, हा आमच्या वेटिंग रूममधला नेहमीचा पेशंट.

उकडा_तांदूळ | १८ एप्रिल, रात्री १०:४७

९८. मोजायला उगाच सांगितलंत.

सगळ्यांचे आभार. निसर्गमित्र, तुमचेही. व्यनि करत नाही. भाकरीबद्दल सांगा कोणीतरी. ऑफिसात प्रत्येक जण म्हणतो चपाती सोड, ज्वारीची भाकरी खा, कितीही खा.

चेंबूरकरीण | १९ एप्रिल, सकाळी ७:२०

'कितीही खा' ऐकून चहा ठेवून लिहायला बसले.

नवऱ्याचं निदान झालं तेव्हा आमच्याकडेही भाकरीची क्रांती झाली. महिनाभराने आकडा होता तिथेच. मग मी वजनकाटा आणला. माझ्या एका फुलक्याला कोरडं पीठ लागतं २५ ग्रॅम. सासूबाईंच्या एका भाकरीला ८५! म्हणजे एक भाकरी खाल्ली की तीन फुलके खाल्ले. आणि हे म्हणायचे, "आज दोनच खाल्ल्या."

भाकरी चांगलीच, चोथा जास्त, पोट भरतं, पण पीठ ते पीठच. आता आमच्याकडे अर्धी भाकरी, मोठी वाटी मटकीची उसळ, पालेभाजी आणि ताक. नाचणीचंही तसंच. सत्त्व करून दुधातून प्यायलात तर सरळ वर जाते, चावायलाच काही उरत नाही.

डब्याचं म्हणाल तर तीनच्या दोन चपात्या करा आणि भाजीचा डबा मोठा घ्या. भाजीचा डबा छोटा असतो म्हणून आपण चपात्या जास्त खातो, हे मला वीस वर्षं डबे भरल्यावर कळलं. पाच कटिंगमध्ये दोन-दोन चमचे साखर म्हणजे दिवसाला दहा चमचे, ती आजच बंद. आठ दिवस चहा औषधासारखा लागेल, मग साखरेचा चहाच पिववत नाही. 'शुगर फ्री' बिस्किटांच्या नादाला लागू नका, आत बहुधा मैदाच असतो. संध्याकाळी खिशात फुटाणे ठेवा. वडापावच्या गाडीपुढून जाताना तोंडात काहीतरी असलेलं बरं.

पंचावन्न_मिनिटं | १९ एप्रिल, सकाळी ८:०३

डॉ. जगन्नाथ दीक्षित सरांची पद्धत बघा. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत, मध्ये काही नाही, आणि ४५ मिनिटं चालणं. माझा ९.१ वरून ६.३ आला.

चेंबूरकरीण | १९ एप्रिल, सकाळी ८:२६

अभिनंदन, पण एक सावधगिरी. आमच्या ह्यांनी डॉक्टरांना न विचारता हे सुरू केलं. गोळी चालू होती ग्लिमेपिराइड, ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, तुम्ही जेवलात की नाही ते बघत नाही. कुर्ला स्टेशनच्या पुलावर घाम, हात थरथर, डोळ्यापुढे अंधारी. एका कॉलेजच्या मुलाने उसाचा रस पाजला. त्या दिवसापासून ह्यांच्या पाकिटात ग्लुकोज पावडरची पुडी. साखर ७० च्या खाली गेली की तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून घ्यायचं, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. चॉकलेट नको, त्यातल्या तुपकटपणाने साखर उशिरा लागते. नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा असं होत नाही. पण गोळी कुठली ते बघितल्याशिवाय उपास करू नका.

चौथी_सीट | १९ एप्रिल, सकाळी ८:३०

दीक्षित की ऋजुता दिवेकर (थोडं थोडं, पण वारंवार खा म्हणणाऱ्या) हा सामना कृपया इथे नको. दुसऱ्या धाग्यावर तो अजून पहिल्याच डावात आहे.

उकडा_तांदूळ | २१ मे, रात्री ११:०२

महिनाभराने आलो. वही भरली, थोडं टाकतो. सगळे आकडे दोन तासांनंतरचे.

एक बशी पोहे, वर शेव: २२४. अर्धी बशी पोहे, त्यात मूठभर मटार आणि बाजूला दोन उकडलेली अंडी: १६६. मुगाच्या डाळीची दोन घावनं: १४१. ऑफिसच्या कँटीनमधले ओट्स, जे त्या कागदावर 'खा'च्या खाली होते: १९८. (कँटीनवाला त्यात साखर आणि केळं घालतो, हे नंतर कळलं.) रात्री नेहमीसारखा भात: २३८. बाईंनी सांगितलेल्या क्रमाने, एक वाटी भात आणि नंतर पंधरा मिनिटं खाली गेटपर्यंत फेऱ्या: १५९. तीनदा मोजलं, विश्वास बसेना. भात तोच, उकडा. फरक वाटीचा, क्रमाचा आणि फेऱ्यांचा.

आता मुख्य किस्सा. परवा रविवारी आईने देवगडची पेटी उघडली. मी निग्रहाने आंबे फक्त कापून दिले, सगळ्यांना, स्वतः कोय पण चोखली नाही. नंतर सवयीने मोजलं तर २८७! बायको बघायला लागली, आई बघायला लागली. "खाल्लंस मां?" मी शपथा घेतोय. मुलगा म्हणाला बाबा खोटं बोलतायत. मग टेस्टट्यूब यांच्या पोस्टा पुन्हा वाचल्या, त्यात काही सापडेना. शेवटी बेसिनवर साबणाने हात धुतले, कोरडे केले, दुसरं बोट टोचलं. १४८.

आंब्याचा रस बोटाला होता.

टेस्टट्यूब | २२ मे, सकाळी ९:१५

माझी चूक, तेच लिहायचं राहिलं. हा प्रकार मे महिन्यात आमच्याकडे रोज. मीटर थेंबातली साखर मोजतो, ती रक्ताची की हापूसची हे त्याला कळत नाही. सॅनिटायझर नको, पाणी आणि साबण. आणि पावसाळा तोंडावर आहे, पट्ट्यांच्या डबीचं झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेने पट्ट्या खराब होतात आणि काहीही आकडे दाखवतात. बाथरूमच्या कपाटात तर ठेवूच नका.

निवृत्त_बाई | २२ मे, सकाळी ११:३०

आंब्याच्या दोन फोडी खाल्ल्या असत्यास तर काही बिघडलं नसतं. जेवणावर नाही, भाताच्या ऐवजी. आमरस मात्र नाही, वाटीभर रसात किती आंबे जातात ते कापणाऱ्याला विचार.

पावसाळ्याचं निघालं म्हणून सांगते. २६ जुलै २००५ ला मी दादरहून चालत निघाले, पाणी मांड्यांपर्यंत. पायाला काहीतरी लागलं, मला कळलंच नाही. तळवे तेव्हाच थोडे बधिर झाले होते, ते मी वय झालं म्हणून सोडून दिलं होतं. चौथ्या दिवशी सुनेने फरशीवर रक्ताचे ठसे बघितले. पुढे सहा आठवडे ड्रेसिंग. तेव्हापासून रात्री झोपताना तळवे आरशात बघते, बोटांच्या बेचक्या कोरड्या करते. तुम्ही तुंबलेल्या पाण्यातून गेलात तर घरी येऊन पाय धुवा, चीर असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, लेप्टोच्या (तुंबलेल्या पाण्यातून होणाऱ्या तापाच्या) गोळीचंही तेव्हाच विचारा. फ्लोटर घालून पाण्यातून चालायचं नाही. हे तरुणांना पटत नाही, ठाऊक आहे मला.

मुलुंड_पूर्व | ३ जुलै, दुपारी ४:१०

धागा वाचून काढला, वाखू (वाचनखूण) साठवली. माझंही नुकतंच निघालंय. आषाढीचं काय करायचं? आमच्याकडे उपास म्हणजे दिवसभर साबुदाणा.

चेंबूरकरीण | ३ जुलै, दुपारी ४:४४

साबुदाणा जवळजवळ नुसता स्टार्च, वर बटाटा, मग बाजूला रताळं. आमच्याकडे आता एकादशीला दही-काकडी, मूठभर शेंगदाणे, थोडी राजगिऱ्याची भाजी आणि अगदी वाटीभर भगर दाण्याच्या आमटीबरोबर. सासूबाई म्हणाल्या हा कसला उपास, यात तर पोट दुखत नाही.

इन्सुलिन किंवा वर लिहिलेली ग्लिमेपिराइड गोळी असेल तर आधी डॉक्टरांशी बोला.

उकडा_तांदूळ | २६ जुलै, रात्री १०:१९

आज रिपोर्ट आला. ६.९. वजन साडेपाच किलो कमी, या वेळी ठरवून. घेर ९३. लघवी नॉर्मल, डोळे नॉर्मल. लघवीचा कागद आईला वाचून दाखवला तर तिने दोनदा विचारलं, "किडनीचा ता नाय मां?" आणि मग देवापुढे जाऊन बसली. डॉक्टरांनी या वेळी सहा मिनिटं दिली, गोळी तीच ठेवलीय. ऑफिसात सांगून टाकलं. माझ्या टेबलवरच आणखी दोघे निघाले, एक तर सात वर्षं जुना.

सगळं सरळ चाललंय असं नाही. जूनमध्ये दहा दिवस चालणं बंद होतं, पावसाचं निमित्त. वडापाव महिन्यातून दोनदा होतो. भावाच्या लग्नात काय काय खाल्लं ते वहीत लिहिलेलं नाही.

एक तक्रार आहे. मधले तीन आठवडे रात्रीचा आकडा १८०-१९० च्या खाली येईना. वाटी तीच, मासा तोच, फेऱ्या त्याच. शेवटी चेंबूरकरीण यांचं ऐकून वजनकाटा आणला. मी वाढून घेतलेला एक वाटी भात १३० ग्रॅम. आईने वाढलेला एक वाटी भात २०५! काल ओट्याजवळ उभा राहून बघितलं. वाटी भरते, वरून पळीने दाबते, खळगा पडला की त्यात पुन्हा भरते, मग ताटात उपडी करते. मूद इतकी घट्ट की सार आत शिरत नाही. मी म्हटलं, आई, हे काय? म्हणाली, "एक वाटी म्हणालंस मां? एकच हा."

आता भात मी वाढतो, मासे ती वाढते, असा तह झालाय.

पुढचा प्रश्न आताच विचारून ठेवतो. गणपतीला गावी जाणार. उकडीचे मोदक किती?

निवृत्त_बाई | २७ जुलै, सकाळी ६:१२

६.९ ला दहापैकी आठ गुण. दोन लग्नाचे कापले.

एकवीस मोदक बाप्पाचे. तुला एक, गरम, वर तूप घालून, आणि त्या ताटात भात नाही. दुसरा हवाच असेल तर संध्याकाळी, आरतीला तासभर उभा राहून टाळ्या वाजवल्यावर. पारी आईला पातळ करायला सांग. पण वळताना समोर बस, वाटीचा अनुभव आहे तुला.